दाण्यागणिक नाम

पवनारास धाम नदीकाठी प्रवचन संपले, तो एका शेतकऱ्याची वृद्ध माता पुढे आली. म्हणाली, "महाराज, घरात अठरा खानारे. भाकरीपायी वारी नाही घडली. माह्यं कसं होईन?"

मी तिला विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाईंची गोष्ट सांगितली. देवाला लाख तांदूळ वाहायचे, म्हणून माउली दाणे मोजीत बसे. यजमानांनी सुचविले, तोळाभर मोजावे, पुढे वजनाने हिशेब करावा. विनोबा आईस म्हणाले, हे गणित नव्हे. दाण्यागणिक नाम घडते. ती १९१८ साली गेली. तिच्याच इच्छेची मराठी गीता, 'गीताई', पुरी झाली १९३१ साली. (इथे माझाही कंठ दाटतो.)

"मंग सूनबाईलेबी सांगतो," म्हणत म्हातारी उठली. संध्याकाळच्या भाकरी थापायच्या होत्या.