चारशे आणि एक

शास्त्रपाठ : १ राजे २२:१-३८



अहाब राजाला रामोथ-गिलादावर स्वारी करावयाची होती. त्याने सुमारे चारशे संदेष्टे जमवले आणि सर्वांनी एकमुखाने जय होईल असे सांगितले. राहिला एकटा मीखाया. त्याला बोलवावयास गेलेल्या जासुदाने वाटेतच कानमंत्र दिला : सर्वांनी राजाला अनुकूल तेच सांगितले आहे, तूही तसेच सांग. हा जासूद दुष्ट होता असे आम्हांस वाटत नाही. त्याला मीखायाची काळजीच वाटत असावी. कचेरीत आणि कारखान्यात असे जासूद रोज भेटतात. "सर्वांनी सह्या केल्या आहेत. तुम्हीच का आडवे येता?"

आमच्या टिळकवाडीतून कितीतरी माणसे सकाळच्या पाळीला उद्यमबागेत जातात. कोणी साचे भरतो, कोणी तयार माल तपासतो. ओतलेल्या भागात पोकळी राहिली आहे, पण माल आजच रवाना व्हावयाचा आहे; अशा वेळी कागदावर 'ठीक' लिहिण्याचा मोह मोठा असतो. तो भाग पुढे कोणत्या गाडीला बसेल आणि ती गाडी कोणता घाट उतरेल, हे सही करणाऱ्याला दिसत नाही. "ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी इमान राखावे," असे म्हणून आपण मनाची समजूत घालतो.

अशा समजुतीची किंमत कोण देतो? २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. प्रारंभी खातेदाराला सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. एका बांधकाम समूहाची थकलेली कर्जे झाकण्यासाठी २१,००० हून अधिक बनावट खाती दाखवली, असा आरोप नोंदवला गेला. कोण किती दोषी हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण एवढी खाती एका हाताने लिहून होतात काय? कोणाच्याच मनात शंका आली नसेल काय? म्हातारपणाची पुंजी अडकली ती मात्र ज्यांनी एकही सही केली नव्हती त्यांची.

आता सांगा, अहाबाशी इमानी कोण होता? चारशे जणांनी त्याला मरणाकडे धाडले. मीखायाने त्याला वाचवू पाहिले. त्याने पाठीमागे कुजबुज केली नाही, कोणाचे जुने उट्टेही काढले नाही. राजासमोर उभे राहून सत्य सांगितले. त्याबद्दल त्याला गालावर चपराक मिळाली आणि तुरुंगात थोडकी भाकर व पाणी मिळाले. राजा वेष पालटून लढाईस गेला, तरी बाणाने मेला.

येथे आम्हांस आमचा दोष कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक बंधू सल्ला विचारावयास आला. खोट्या तपासणीपत्रावर सही करण्यास त्याचे मन घेत नव्हते. आम्ही म्हणालो, "लेकरे शिकत आहेत, जरा सांभाळून घ्या." त्याने आमचे ऐकले नाही आणि त्याची नोकरी गेली. रविवारी आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केली, परंतु त्याच्या घरी तांदूळ आहेत की नाहीत हे पाहावयास गेलो नाही. त्या दिवशी आम्ही मीखायाच्या बाजूला नव्हतो. आम्ही तो जासूद होतो.

तुरुंगात मीखायाला भेटावयास कोणी गेले की नाही, हे शास्त्र सांगत नाही. ती रिकामी जागा आपल्यासाठी आहे. 'नाही' म्हणणाऱ्या माणसाला एकटे पडण्याचे भय असते. मंडळीने ते भय अर्धे करावे. त्याच्या मुलांची फी, महिन्याचा किराणा, दुसरीकडे कामासाठी एक शब्द, एवढे तर आपल्या हाती आहे. तेवढेही करावयाचे नसेल, तर व्यासपीठावरून धैर्याचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही.

प्रभू आम्हांस मीखायाचे मुख देवो; आणि ते नसेल, तर निदान त्याच्या दारी भाकर घेऊन जाणारे पाय देवो. आमेन.