बांधकामाचा यजमान कोण?

अनेक हातांनी मिळून केलेल्या एका कर्माचा कर्ता कोण मानायचा, आणि त्या कर्माचे फळ ज्याच्या पदरात पडते त्याच्याच पदरात त्यातील दोषही पडतो की नाही, हा प्रश्न भारतीय विचारपरंपरेत यज्ञाच्या निमित्ताने उभा राहिला आणि तेथे त्याची फार बारीक चिकित्सा झाली. आज तोच प्रश्न इमारती, रस्ते आणि पूल बांधणाऱ्यांपुढे कायद्याच्या रूपाने आला आहे. केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू केल्या : वेतन संहिता, औद्योगिक संबंध संहिता, सामाजिक सुरक्षा संहिता आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयीची संहिता. कंत्राटी कामगारांचा १९७० चा, आंतरराज्य स्थलांतरितांचा १९७९ चा आणि बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा धरून एकूण २९ कायदे त्यांत सामावले गेले. या बदलाची चर्चा बहुतेक वेळा कंत्राटदाराचा खर्च किती वाढेल आणि नोंदवह्या किती कमी होतील एवढ्यापुरतीच होते. वास्तविक या संहितांच्या मुळाशी कर्तृत्वाविषयीची एक भूमिका आहे, आणि ती कोठे टिकते व कोठे डळमळते हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

बांधकाम व्यवसायाची घडणच अशी आहे की काम वरून खाली उतरत जाते. विकासक काम मुख्य कंत्राटदाराला देतो, तो सेंट्रिंग, सळई, वीटकाम, प्लॅस्टर, रंग असे तुकडे पाडून ते पोटकंत्राटदारांना देतो, पोटकंत्राटदार मुकादमाला गाठतो, आणि मुकादम गावाकडे उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, वाटून माणसे आणतो. घमेले डोक्यावर घेऊन जिना चढणाऱ्या बिगाऱ्याला मालकाचे नाव विचारले तर तो बहुधा मुकादमाचेच नाव सांगतो, कारण हजेरी तोच मांडतो, खाडा तोच कापतो आणि आठवड्याचा खर्चही तोच देतो. प्रत्येक पायरीवर कामाबरोबर जबाबदारीही खाली सरकते, आणि अखेर ती अशा माणसापाशी येऊन थांबते की ज्याच्याजवळ ती पेलण्याचे साधनच नसते. फळाचा प्रवास मात्र नेमका उलट, खालून वर होतो.

पूर्वमीमांसेने, म्हणजे वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाने, हीच रचना सोमयागात पाहिली होती. यज्ञ यजमानाचा, स्वर्गाची इच्छा त्याची, परंतु मंत्र म्हणणारे, आहुती देणारे आणि साम गाणारे ऋत्विज, म्हणजे यज्ञातील पुरोहित, वेगळे. फळ इच्छा करणाऱ्याला मिळायचे असेल तर सर्व कृत्ये त्यानेच स्वतः करायला हवीत, असा पूर्वपक्ष जैमिनीच्या सूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात येतो. त्यावरचा सिद्धांत असा की, दक्षिणा हे दान नसून परिक्रय आहे, म्हणजे ठरावीक कामापुरते दुसऱ्याचे श्रम विकत घेण्याचे मोल आहे, आणि शास्त्रानेच असे मोल सांगितले असल्यामुळे करवून घेणाराही कर्ताच ठरतो. द्रव्याचा त्याग मात्र यजमानाने स्वतःच करायचा असतो; बाकीचे कर्म दुसऱ्याच्या हातून झाले तरी चालते. या सिद्धांताची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे : अध्वर्यूच्या, म्हणजे आहुती देणाऱ्या ऋत्विजाच्या, हातून चूक झाली तरी वैगुण्य, म्हणजे उणेपणा, यजमानाच्या यज्ञालाच येतो, आणि ऋत्विजाला ठरलेले मोल दिले होते या सबबीवर ते झटकून टाकता येत नाही. म्हणूनच सर्व कर्मावर देखरेख ठेवण्यासाठी ब्रह्मा नावाचा ऋत्विज नेमला जात असे, आणि चूक घडताच प्रायश्चित्ताने ती भरून काढणे हे त्याचे काम असे.

मीमांसेची मजल येथे संपते; तिच्यात हानी आहे, पण दंड नाही. पुढचे पाऊल धर्मशास्त्राने टाकले. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात रथाच्या अपघाताचा विचार करताना असा निर्णय दिला आहे की, सारथ्याच्या अकौशल्यामुळे रथ भलतीकडे जाऊन इजा झाली तर दंड रथाच्या स्वामीला व्हावा, आणि सारथी निष्णात असेल तरच दंड सारथ्याला व्हावा. कामाला कोणाला लावले, हीच येथे स्वामीची कृती मानली आहे. या ग्रंथाचा आधार घेताना महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी त्याचे दहन का झाले हे नजरेआड करता येत नाही, आणि करूही नये. शंभर गाईंची दक्षिणा सोळा ऋत्विजांत बारा, सहा, चार आणि तीन अशा भागांनी कशी वाटावी याचा चोख हिशेब ठेवणाऱ्या परंपरेने सेवा करणाऱ्या शूद्राला त्याच यज्ञाचा अधिकार नाकारला होता. दायित्वाचा तिने शोधलेला नियम खरा आहे, पण तो ज्यांना लागू व्हायला हवा होता त्यांतील बहुतेकांना तिने त्याच्या कक्षेबाहेर ठेवले. तो नियम सर्वांना सारखा लागू करण्याचे काम आधुनिक कायद्याच्या वाट्याला आले, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात श्रम खाते बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, ही गोष्ट या संदर्भात मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

भारतीय न्यायव्यवस्थेत हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे पुढे आला तो दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामांवरून. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिलेल्या निकालात त्या कामांवरील मजुरीचा व्यवहार उलगडून दाखवला आहे. राजस्थान, उत्तर प्रदेश आणि ओरिसा येथून जमादारांनी मजूर आणले होते; किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते; कंत्राटदार ही रक्कम जमादाराच्या हाती देई, जमादार प्रत्येक मजुरामागे एक रुपया दलाली म्हणून काढून घेई आणि मजुराच्या हातात ८ रुपये २५ पैसे पडत. कंत्राटदाराने पूर्ण पैसे दिले होते आणि शासकीय यंत्रणांनी कंत्राटदाराला काम दिले होते, त्यामुळे प्रत्येकाला आपण निर्दोष असल्याचे सांगता येत होते. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पीठाने ते मान्य केले नाही. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करवून घेतलेले काम म्हणजे संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेली वेठ होय, आणि कंत्राटदार मध्ये आहे म्हणून काम करवून घेणाऱ्या शासनाची जबाबदारी संपत नाही, असे न्यायालयाने ठरवले. भूक आणि गरिबी यांनी आणलेली सक्ती हीदेखील सक्तीच आहे, हे त्या निकालातील प्रतिपादन तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे, कारण मजूर स्वखुशीने आला होता हा युक्तिवाद त्यामुळे निकालात निघतो.

नव्या संहितांचे मोजमाप या कसोटीवर करायला हवे. सुरक्षा व आरोग्य संहितेत प्रमुख नियोक्ता, म्हणजे ज्याच्या आस्थापनेत कंत्राटी कामगार राबतात तो मूळ मालक, याच्यावर कंत्राटी कामगारांच्या कल्याणकारी सोयींची जबाबदारी थेट टाकली आहे. १९७० च्या कायद्यात ती आधी कंत्राटदारावर होती आणि त्याने ती टाळल्यावरच मूळ मालकाकडे येई. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावी, ही जुनी तरतूद कायम राहिली आहे. कामगाराला नियुक्तिपत्र मिळायला हवे, काम सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता व्हायला हवा, आणि कंत्राटदाराशिवाय स्वतःहून परराज्यात आलेल्या मजुरालाही, विशिष्ट वेतनमर्यादेत, स्थलांतरित कामगार मानून गावी जाण्यायेण्याचे भाडे द्यायला हवे. यांपैकी नियुक्तिपत्राचे महत्त्व कागदापेक्षा मोठे आहे, कारण ज्या व्यवसायात मालकाचे नावच मजुराला ठाऊक नसते तेथे ते नाव लिहून देण्याची सक्ती म्हणजे कर्ता उघड करण्याची सक्ती होय.

परंतु हीच संहिता दुसऱ्या हाताने बरेच काही काढून घेते. कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण जेथे ५० किंवा त्याहून अधिक कंत्राटी कामगार असतील तेथेच लागू होते. १९७० च्या केंद्रीय कायद्यात हा आकडा २० होता, आणि महाराष्ट्राने राज्यापुरता तो आधीच ५० वर नेला होता. पोटकंत्राटांवर चालणाऱ्या व्यवसायात माणसे विभागून दाखवणे मुळीच अवघड नसल्यामुळे ही मर्यादा जबाबदारी टाळण्याची वाट होऊन बसते. आंतरराज्य स्थलांतरितांना १९७९ च्या कायद्याने दिलेला विस्थापन भत्ताही आता उरलेला नाही. कामगारांच्या संख्येवरून सरकारी यंत्रणेचा भार हलका करणे प्रशासनाला सोयीचे असेल. मात्र ४९ माणसांकडून काम करवून घेणारा कमी यजमान ठरतो, असे कोणत्याही नीतिविचारातून सिद्ध करता येत नाही.

मुकादमाविषयी न्याय करतानाही सावध राहिले पाहिजे, कारण सर्व दोष त्याच्या माथी मारणे वरच्यांना सोयीचे असते. बृहस्पतीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्मृतीत घर किंवा देऊळ एकत्र बांधणाऱ्या कारागिरांच्या प्रमुखाला दोन वाटे सांगितले आहेत. हे वाटे सर्वांच्या मिळकतीतून उघडपणे, ठरवून आणि तोही त्या कामातला कारागीर असल्यामुळे मिळतात. आजच्या मुकादमाचा वाटा उचलीच्या हिशेबात लपलेला असतो. ती फिटली की नाही हे त्याच्याच वहीवरून ठरते आणि मजुराला ती वही वाचता येत नाही. तरीही तो बहुधा त्याच गावचा, कधी त्याच भावकीतला असतो, आणि वरून बिल अडकले की त्यालाही व्याजाने पैसे काढावे लागतात.

अपघाताच्या प्रसंगी या सर्व विचाराला एक धार्मिक आक्षेप आडवा येतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी कर्माची पाच कारणे सांगितली आहेत, आणि केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची दृष्टी अपुरी ठरवली आहे. मग परांची कोसळून माणूस गेला तर त्यात दैवाचा भाग आहे असे कंत्राटदाराने का म्हणू नये? हा युक्तिवाद मांडणारे पुष्कळदा मनापासून बोलत असतात, म्हणून त्याला उत्तरही तितक्याच गांभीर्याने दिले पाहिजे. पाच कारणांच्या गणनेत दैव पाचवे आहे. त्याआधी अधिष्ठान, करण आणि चेष्टा आहेत, म्हणजे उभे राहण्याची फळी, हातातले साधन आणि काम करण्याची रीत यांचा हिशेब आधी द्यावा लागतो. शिवाय गीतेतील उपदेश कर्त्याचा अहंकार विरघळवण्यासाठी आहे, मजुराच्या विधवेचा हक्क विरघळवण्यासाठी नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने मालकाची चूक सिद्ध करण्याची अट ठेवली नव्हती, आणि सामाजिक सुरक्षा संहितेने तेच सूत्र पुढे चालवले आहे. पुण्यातील कोंढव्यात २९ जून २०१९ च्या पहाटे गृहसंकुलाची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकाम मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण दगावले, आणि त्यांत लहान मुलेही होती. पाऊस दैवाने आला असेल, परंतु भिंतीच्या पायथ्याशी माणसांना झोपायला जागा कोणी तरी नेमून दिली होती.

महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेत बांधकामावर मेलेला एक संत आहे. परंपरेनुसार चोखामेळा मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर राबत असताना कूस ढासळून १३३८ साली गेले, आणि त्यांच्यासोबत इतर मजूरही गाडले गेले. नामदेव तेथे गेले तेव्हा हाडांचा ढीग पुढे होता. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोख्याची म्हणून ओळखून त्यांनी पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी दिली. नामस्मरणाचा महिमा म्हणून ही कथा शतकानुशतके सांगितली गेली, आणि ते योग्यच आहे. पण ज्या कुसाच्या आत राहण्याचा हक्क चोख्याच्या समाजाला नव्हता ते कूस त्याच्याकडून कोणी बांधून घेतले, आणि बाकीच्या हाडांचे धनी कोण होते, हे प्रश्न कथेत विचारले जात नाहीत. नाव नोंदलेले असणे म्हणजे काय, हे यावरून कळते. आज बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाच्या लाभांसाठी कामगाराला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि नाक्यावर उभे राहून रोज वेगळ्या मालकाकडे जाणाऱ्या मजुराला तो देण्यास एकही मालक सहसा राजी होत नाही. त्याच मजुरांच्या नावाने बांधकाम खर्चावर उपकर गोळा होतो, आणि तो त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तीव्र नाराजी नोंदवली होती.

दहापेक्षा कमी कामगार असलेले काम, तसेच स्वतःच्या राहण्यासाठी ५० लाख रुपयांपर्यंत खर्चाचे घर बांधणे, हे सुरक्षा व आरोग्य संहितेने बांधकामाच्या व्याख्येतूनच वगळले आहे. म्हणजे बंगल्यावर मजला चढवणारे कुटुंब किंवा दोराला लोंबकळणाऱ्या चार माणसांकडून इमारत रंगवून घेणारी गृहनिर्माण संस्था यांच्यापर्यंत सुरक्षेची ही तरतूद पोहोचत नाही. किमान वेतन मात्र वेतन संहितेमुळे तेथेही द्यावेच लागते. मीमांसेच्या कसोटीवर हे सर्व जण पूर्ण अर्थाने यजमान आहेत, कारण संकल्प त्यांचा, परिक्रय त्यांचा आणि फळही त्यांचेच. रथाच्या अपघाताविषयीच्या त्या जुन्या निर्णयात आणखी एक कलम आहे, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही : सारथी अकुशल असेल तर दंड रथात बसलेल्या सर्वांना सारखा होतो. कमीत कमी दराची निविदा सर्वसाधारण सभेत हात वर करून मंजूर करणारे सभासद त्या रथातच बसलेले असतात, आणि सुरक्षापट्टा, विमा व मजुरीचा हिशेब यांविषयीची अट कंत्राटाच्या मसुद्यात घालणे त्याच सभेत त्यांच्या हाती असते.