थोडं दुखतं अजून

प्रत्येक माणसाला आयुष्यात एकदा तरी मोठं आजारपण यावं, असं माझं मत झालं आहे. फक्त त्यात दुखू नये. सर्दी-पडशाला घरातलंही कोणी विचारत नाही. पण हृदयाचं काही निघालं, की आमच्या देवळीसारख्या गावात माणूस एका रात्रीत मोठा होतो. मी शाळेतला साधा बाबू. तीस वर्षं लोक माझ्याकडे फक्त दाखले मागायला आले. पेसमेकर बसवून नागपूरहून परतलो, तर तेच लोक संत्री घेऊन आले.

झालं होतं एवढंच, की माझं हृदय संथ चालू लागलं. ठोके मिनिटाला छत्तीसवर आले होते. आमच्या ऑफिसचा वेगही साधारण तोच असल्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दोनदा चक्कर येऊन पडलो, तेव्हा घरच्यांना वाटलं. मग डाव्या खांद्याखाली छातीच्या कातडीत खिसा करून चपट्या काडेपेटीएवढं यंत्र ठेवलं आणि त्याची तार शिरेतून हृदयात सोडली. तार नीट रुजेपर्यंत, म्हणजे सहा आठवडे, डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, असा हुकूम मिळाला.

भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले. "सेल संपला तं?" मी सांगे, आठ-दहा वर्षं चालतो, मग यंत्रच बदलतात. एकानं तर छातीला कान लावला. टिकटिक ऐकू येईना, तेव्हा मला कोणीतरी फसवलं अशी त्याची खात्री झाली. आणि "कसं वाटते?" या प्रश्नाला मी हसून म्हणे, "ठीक आहे." खरं तर तेव्हा चांगलंच दुखत होतं. कुशीवर वळलं की कळ, शिंक आली की कळ. पण खरं दुखणं येतं ते रात्री तीन वाजता, आणि त्या वेळी संत्री घेऊन कोणी येत नाही.

पडल्या पडल्या मी आर्ने लार्सन नावाच्या स्वीडिश माणसाची हकिगत वाचली. १९५८ साली स्टॉकहोममध्ये शरीरात पेसमेकर बसवून घेणारा हा पहिला माणूस. त्याचं पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पुढे आयुष्यभरात त्याला २६ पेसमेकर लागले. तो कामधंदा करत राहिला आणि २००१ साली ८६व्या वर्षी गेला. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि यंत्र बनवणारा इंजिनिअर, दोघेही त्याच्या आधी गेले होते! हे वाचून मी उत्साहानं उठलो आणि हिला चहा करायला सांगून पुन्हा आडवा झालो. शेजारीच सेवाग्राम. गांधीजींच्या एकादश व्रतांत शरीरश्रम हे एक व्रत आहे, याची आठवण मी त्या दिवसांत कटाक्षानं टाळली.

सहा आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, "आता हात मोकळा." कामावर रुजू झालो. हात मोकळा झाल्याची गोष्ट मात्र ऑफिसात सांगितली नाही. लपवली असं नव्हे. कोणी विचारली नाही.

आमच्या ऑफिसात सगळ्यात वरच्या फळीवर जुनी दाखल-खारीज रजिस्टरं आहेत. ओबीसीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून नातवासाठी लोक आज्याची नोंद शोधत शाळेत येतात. असाच एक शेतकरी आला. मी छातीवर हात ठेवला (हात आपोआपच जाई) आणि म्हणालो, "थोडं दुखतं अजून."

"राहू द्या जी, मी काढतो," म्हणत आमचे शिपाईभाऊ स्टुलावर चढले. चढताना मध्येच फळी धरून क्षणभर थांबले. पँट जरा वर सरकली, तेव्हा गुडघ्याला फडकं बांधलेलं दिसलं.

"गुडघा दुखतो का हो?"

"दुखते तं. चार वर्षं झाले. पण तुमचं दिलाचं हाये. गुडघ्याले संत्रं कोन आनते, बाबूजी?"

रजिस्टर माझ्या टेबलावर आलं. नोंद सापडली. माझं लक्ष मात्र त्यात नव्हतं.

हल्ली सरकारदरबारी स्वयंसाक्षांकित प्रत चालते. आपणच सही करायची, खरी प्रत म्हणून. दुखण्याचंही तसंच. फरक एवढाच, की कागदाची मूळ प्रत मागता येते; दुखण्याची मूळ प्रत कोणालाच दाखवता येत नाही. ठोके यंत्रावर उमटतात, कळ उमटत नाही. दुखणारा मी, साक्षीदार मी, सही करणाराही मी. दुखत होतं तेव्हा मी "ठीक आहे" म्हणालो आणि थांबलं तेव्हा "दुखतं" म्हणालो. दोन्ही प्रती खोट्या. पण पहिलीचा खर्च मी केला होता, दुसरीचा एक गुडघा करत होता.

माझ्या छातीतलं यंत्र याहून सरळ आहे. हृदयाचा ठोका चुकला तरच ते आपला ठोका देतं. हृदय आपलं आपण चाललं की गप्प बसतं. मी मात्र धडधाकट असताना दुसऱ्याचा ठोका वापरत होतो.

म्हणून शिपाईभाऊंचं न बोलणं हे मोठेपण म्हणून डोक्यावर घ्यावं, असंही मला वाटत नाही. पुढच्या शनिवारी मी स्टुलावर चढलो. ते खाली उभे राहून "सांभाळा जी, सांभाळा" म्हणत होते. दुपारपर्यंत सगळी जुनी रजिस्टरं खालच्या फळीवर आली आणि कोणी कधीच मागत नाही अशी परिपत्रकं वर गेली. तीस वर्षांत ही साधी कल्पना कोणाला सुचली नव्हती. कारण वर चढणारा कधी "दुखतं" म्हणाला नव्हता.

त्या रात्री खांदा चांगलाच ठणकला. हिनं विचारलं, "दुखतंय का?"

"हो," मी म्हणालो. बऱ्याच दिवसांनी मूळ प्रत हाती होती. पण इतके दिवस खोट्या प्रती बघून बघून ती हुशार झाली होती. "उद्या रविवार आहे म्हणून का?" म्हणाली, आणि दिवा मालवला.