यकृताला आवर कोण घालतं?

गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमाराला यकृताचा अंकुर फुटतो. पचनाशी त्याचा संबंध यायला अजून वेळ असतो. त्याआधी त्याच्यावर रक्तपेशी बनवण्याचं काम येऊन पडतं. अस्थिमज्जा सज्ज होईपर्यंत बाळाचं बरंचसं रक्त यकृतातच तयार होतं. अल्फा-फीटोप्रोटीन नावाचं प्रथिनही तिथल्या पेशी मुबलक सोडत असतात. पुढे दोन्ही कामं सुटतात. अवयव नवं काय शिकतो हे आपण कौतुकाने सांगतो, पण जुनं सोडायला त्याला कोण लावतं?

अनेक घटकांपैकी एक म्हणजे मायक्रोआरएनए, जेमतेम २२ अक्षरांचे रेणू. जनुकाची नक्कल निघाली की तिच्यावरून प्रथिन बनतं. हे रेणू त्या नकलेला चिकटून काम थोपवतात किंवा ती मोडीत काढतात. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांनी १९९३ मध्ये मिलिमीटरभर कृमीत हा प्रकार दाखवला. ती कृमीचीच एक खोड असावी, असं बऱ्याच जणांना वाटलं. नोबेल यायला २०२४ उजाडलं.

प्रौढ यकृतातल्या मायक्रोआरएनएंपैकी सुमारे ७० टक्के वाटा एकट्या मिर-१२२चा. गर्भ वाढतो तसं त्याचं प्रमाण चढतं. एवढा भरणा पाहून कुणालाही वाटेल, हा नसेल तर यकृत घडणारच नाही. पण २०१२ मध्ये हा रेणू नसलेले उंदीर तयार केले, ते जन्मले आणि जगलेही. मग त्यांच्या यकृतात चरबी साठली, दाह झाला, ऊती घट्ट होत गेल्या आणि शेवटी कर्करोगाच्या गाठी आल्या. ‘अमुक जनुक अमुक अवयव घडवतं’ या आपल्या लाडक्या वाक्यात हा रेणू बसत नाही. त्याचं काम घडलेलं टिकवण्याचं. माणसाच्या यकृताच्या कर्करोगातही अल्फा-फीटोप्रोटीन अनेकदा रक्तात परततं. डॉक्टर ते तपासतात. गर्भातली सवय दबलेली होती, संपलेली नव्हती.

हेपटायटिस सी विषाणूने मात्र याचा भलताच उपयोग शोधला. मिर-१२२ त्याच्या आरएनएला चिकटतो तेव्हा गप्प करण्याऐवजी त्याला सांभाळतो, हे २००५ मध्ये कळलं. तेव्हा रेणूच अडवायचा, म्हणून मिराविर्सेन हे औषध आलं आणि चाचणीत रुग्णांच्या रक्तातला विषाणू घटलाही. पण थेट विषाणूवर मारा करणारी औषधं त्याच सुमाराला आली आणि हा मार्ग मागे पडला. मला त्याची हळहळ नाही. त्या उंदरांची यकृतं पाहिल्यावर हा रेणू वर्षानुवर्षं बंद ठेवायला कोण धजलं असतं?