परिपत्रकाची तारीख

शिकारी रायफलीची सेफ्टी लावली की चाप ओढूनही बार उडत नाही. 1962 साली अमेरिकेत निघालेल्या रेमिंग्टन 700 ची सेफ्टी याखेरीज बोल्टही जखडून ठेवी. झुडपात अडकून तो उघडू नये, हा हेतू. हेतू वाजवीच. परंतु आतले काडतूस काढावयाचे तर बोल्ट उघडला पाहिजे, आणि त्यासाठी आधी सेफ्टी काढली पाहिजे. म्हणजे बंदूक निरुपद्रवी करण्याच्या क्षणीच तिचे संरक्षण दूर करावयाचे! हे अटळ मुळीच नव्हते. 1898 च्या माउझरची सेफ्टी मधल्या स्थितीत ठेवून बोल्ट खुशाल उघडता येई.

1982 मध्ये कारखान्याने ही जखडण काढली, पण नव्या बंदुकांपुरतीच. 2000 साली मॉन्टानात अशी एक जुनी रायफल रिकामी करताना, सेफ्टी काढताच गोळी सुटली. नळी घोडे नेण्याच्या गाडीकडे होती; गाडीआड असलेला घरचाच नऊ वर्षांचा मुलगा त्यात गेला. जुन्या बंदुकांत फेरफार करून देण्याची योजना त्यानंतर, 2002 मध्ये निघाली. तीही शुल्क आकारून.

परिपत्रक निघाल्या तारखेपासून लागू, हे आपणा नोकरदारांच्या अंगवळणी पडलेले आहे. भत्त्यांपुरते ते चालते (थकबाकीवाले कुरकुरतील, तो भाग निराळा). नळीचे तोंड कोठे असावे, ही जबाबदारी बंदूक धरणाऱ्याची, हेही खरे. पण त्याच्या जबाबदारीने कारखान्याची उणी होते, असे मला वाटत नाही. नव्या मालातून जे मुद्दाम काढून टाकले, ते जुन्या मालात तसेच राहिले आहे हे काढणाऱ्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?