पाणी कमी असते तेव्हाचा उत्सव

पावसाचे स्वागत कोणीही करतो, कारण पाऊस हातात काहीतरी ठेवतो. उन्हाळ्याचे स्वागत करायला मोठे मन लागते. हा ऋतू आधी काढून घेतो. विहिरीचा तळ दाखवतो, जनावरांच्या फासळ्या दाखवतो, घरातल्या बाईच्या डोक्यावर एक हंडा वाढवतो. तरीही आपल्या गावांनी त्याच्याकडे पाठ फिरवली नाही. चैत्राच्या पहिल्या दिवशी गुढी उभारली, कडुनिंबाचा कोवळा पाला गूळ-ओव्याबरोबर वाटून खाल्ला आणि पुढच्या दिवसांत जत्रा मांडल्या. देशावरच्या कितीतरी गावांत या दिवसांत ग्रामदैवताची पालखी देवळातून निघते आणि नदीवर जाते. देवाला स्नान घातले जाते, काठावर नारळ फुटतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, पुण्या-मुंबईला गेलेली मुले गावी परतलेली असतात. सगळे गाव एका काठावर येते.

यामागे व्यवहारही आहेच. गहू-हरभरा खळ्यातून घरात आलेला असतो, शेतीची कामे सैल झालेली असतात, हातात चार पैसे असतात. पण सोय एवढेच कारण असते, तर जत्रा देवळापुढच्या पारावरही उरकता आली असती. नदीवर जाण्याने एक गोष्ट आपोआप घडते. वर्षभरात नदी सर्वांत क्षीण होऊ लागते, नेमक्या त्याच वेळी सगळे गाव तिला एकत्र पाहते. डोह किती उरला, पात्रात कुठे वाळू उघडी पडली, कोणत्या झऱ्याला अजून पाणी आहे, हे पाटलापासून मजुरापर्यंत प्रत्येकाला दिसते. ज्याच्या घरात नळ आहे त्यालाही दिसते. वर्षातून एकदा असे सामूहिक पाहणे घडवून आणणारी ही प्रथा मला फार मोलाची वाटते.

सासवडच्या कऱ्हेचे उदाहरण घ्या. आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला या नदीचे नाव दिले, म्हणून ती महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. ती बारमाही वाहणारी, ओसंडणारी नदी नाही. पुरंदरच्या कमी पावसाच्या मुलखातून जाऊन ती बारामती तालुक्यात नीरेला मिळते आणि उन्हाळ्यात तिचे पात्र आटते. अशा या नदीच्या काठी, चांबळीच्या संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. याच सासवडच्या पंचक्रोशीतून चैत्रात संत भुतोजीबुवा तेल्यांची मानाची कावड शिखर शिंगणापूरला निघते. कऱ्हेचे पाणी खांद्यावर घेऊन माणसे उन्हातान्हात पायी चालतात आणि चैत्र शुद्ध द्वादशीला मुंगी घाटाच्या उभ्या कड्याला भिडतात. माणसामागे माणूस उभा राहतो, साखळी होते, ‘हर हर महादेव’चा गजर होतो आणि ती जड कावड हातोहात वर चढवली जाते. रात्री त्या पाण्याने शंभू महादेवाला अभिषेक होतो.

शिंगणापूर माण तालुक्यात आहे. माण म्हणजे महाराष्ट्रातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुष्काळी मुलखांपैकी एक. तिथे डोंगरावर जमणाऱ्या यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होतात, हे पाहून शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी तलाव बांधला. या दोन गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. कमी पाण्याच्या गावातली माणसे आपल्याकडचे पाणी त्याहून तहानलेल्या डोंगरावर वाहून नेतात आणि तिथल्या देवाच्या दारी एक सत्ताधीश लोकांसाठी तळे खोदून ठेवतो. भक्तीला पाण्याचे रूप आले की ती अशी दिसते. देवाला वाहिलेले पाणी आणि माणसाला पाजलेले पाणी यांत आपल्या परंपरेने फार अंतर ठेवलेले नाही.

चैत्र-वैशाखाचा सगळा आचार याच सुराचा आहे. धर्मग्रंथ सांगतात की चैत्रात पाणपोई घालावी आणि ती चार महिने चालवावी. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या बाईच्या हातात कैरीची डाळ आणि पन्ह्याचा पेला ठेवायचा. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला मातीचा घट द्यायचा. खानदेशात आखाजीला घागर पुजायची. सोने-चांदी देण्याची ऐपत फार थोड्यांची असते, पाणी देण्याची बहुतेकांची असते. म्हणून ऋतू सर्वांत कठोर असतो तेव्हा सर्वांना जमेल असे दान शास्त्राने सांगितले. उन्हाळ्याचे स्वागत करायचे म्हणजे, येणाऱ्या टंचाईत माझ्याकडचे काही तुझे आहे, असे शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवायचे.

पण द्यायचे तर शिल्लक राहिले पाहिजे आणि शिल्लक राहायला आधी कोणीतरी हात आवरला पाहिजे. दानाची गोष्ट इथेच अवघड होते. पाणपोईला देणगी देणे सोपे असते. नदीत सोडलेली आपली मोटर महिनाभर आधी बंद करणे कठीण असते.

हे कठीण काम करून दाखवणारी माणसे राजस्थानात अलवर जिल्ह्यात अरवरी नदीच्या काठी आहेत. ही लहानशी, अवघी ४५ किलोमीटरची नदी कोरडी पडली होती. १९८५ नंतर राजेंद्र सिंह आणि त्यांच्या तरुण भारत संघाच्या सोबतीने गावकऱ्यांनी पाणलोटात जोहड म्हणजे मातीचे बंधारे घालायला सुरुवात केली. भांवता-कोल्याला या उगमाकडच्या गावापासून काम खाली सरकत गेले. शेकडो बंधारे झाले. विहिरींना पाणी आले आणि १९९०च्या दशकाच्या मध्यावर नदी पुन्हा बारमाही वाहू लागली. ही यशोगाथा अनेकांनी वाचलेली आहे. मला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. पाणी आल्यावर ते कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला. सरकारने मासेमारीचा ठेका बाहेरच्याला दिला तेव्हा गावे एकत्र झाली आणि विरोधाला उभी राहिली. पुढे २६ जानेवारी १९९९ रोजी हमीरपूर गावात नदीकाठच्या सुमारे ७० गावांची अरवरी संसद भरली. तिने स्वतःला घालून घेतलेल्या नियमांतला एक असा: होळीपासून पावसाळा सुरू होईपर्यंत नदीतून थेट पाणी उपसायचे नाही. ऊस आणि भातासारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, हा दुसरा.

होळीपासून! सण हीच नियमाची तारीख. रंग खेळून झाला, शिमगा सरला, आता नदीला हात लावायचा नाही. या संसदेला कायद्याचा आधार नाही, तिच्यापाशी पोलीस नाहीत. तिचा अधिकार एवढाच की नियम ठरला तेव्हा सगळे समोरासमोर बसलेले होते. मोडणाऱ्याला उद्या त्याच माणसांच्या डोळ्यांत पाहायचे असते. उत्सव आणि संयम एकाच दिवशी, एकाच काठावर आले की नियमाला धाकाची गरज उरत नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनेही हेच दुसऱ्या वाटेने साधले. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली ते गाव दरवर्षी पाऊस मोजते, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मग कोणती पिके घ्यायची ते ठरवते. पिण्याचे पाणी माणसांना आणि जनावरांना आधी, पिके त्यानंतर.

असा हिशेब झाला नाही तर काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१६ साली ८ एप्रिलला पाडवा होता. चारच दिवसांनी, १२ एप्रिलला, मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास. त्याआधी मार्चमध्येच लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांवर १४४ कलमाखाली जमावबंदी लावावी लागली होती. या आदेशाचा अर्थ नीट पाहा. ज्या ऋतूत पाण्यापाशी जमणे हा सण होता, त्याच ऋतूत पाण्यापाशी जमणे हा गुन्हा ठरला. प्रशासनाला दोष देऊन इथे सुटता येत नाही. भांडणे होत होती म्हणून आदेश निघाला. भांडणे का झाली, तर पाणी होते तेव्हा कोणी एकत्र बसून ते मोजले नव्हते. त्याच मराठवाड्यात त्या वर्षांत उसाखालचे शिवार मात्र पाणी पीत होते. सुकाळात जे एकत्र बसत नाहीत, त्यांची दुष्काळात गर्दी होते.

काठावर एकत्र बसण्याची गोष्ट करताना आणखी एक प्रश्न टाळता येणार नाही. काठावर कोण असते? गावाचा नदीकाठ कधीच सगळ्यांचा नव्हता. वरच्या अंगाला कोणी पाणी भरायचे आणि खालच्या अंगाला कोणी, हे जातीने ठरवलेले होते. मुंबई कायदे मंडळात १९२३ साली सी. के. बोले यांनी मांडलेला सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव संमत झाला, महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केले, तरी अस्पृश्य मानलेल्यांना पाण्याला हात लावता येत नव्हता. शेवटी २० मार्च १९२७ रोजी, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे चवदार तळ्याच्या काठावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. पाण्याकाठच्या मेळाव्यांचा इतिहास लिहायचा झाला, तर त्यात या मेळाव्याचे पान पहिले असेल. पाण्यापाशी जमलेला समाज खरोखर समाज आहे की नाही, याची कसोटी त्या दिवशी महाडने कायमची घालून दिली. आजही जत्रेच्या दिवशी नदीवर मानाचा नारळ कोणाचा, पालखीला खांदा कोणाचा, यावरून ज्या गावात माणसे दुरावतात, त्या गावाने कितीही गुलाल उधळला तरी त्याचा उत्सव अपुराच आहे.

आणि माणसांपुरतेच थांबू नये. महाड तालुक्यातच काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. काठावर वरदायिनीचे ठाणे आहे आणि देवीच्या नावाने त्या डोहातले महसीर मासे कोणी मारत नाही. उन्हाळ्यात नदी डोहाडोहांत तुटते तेव्हा मासा अगदी सहज हाती लागतो. तो दुबळा असतो तेव्हाच त्याला अभय देण्यात त्या गावकऱ्यांचे मोठेपण आहे. रात्री पाण्यावर येणारी रानातली जनावरे, कडेच्या उंबरावरची पाखरे, मेंढरे घेऊन मुक्कामाला आलेला धनगर, पुढच्या गावचा अनोळखी शेतकरी, या सगळ्यांचा वाटा त्या डोहात असतो. यांपैकी बहुतेकांना मत नसते आणि मागता येत नाही. मागता न येणाऱ्याचा वाटा राखणे यालाच मी नीती म्हणतो.

आज चित्र काय आहे? जत्रा मोठ्या झाल्या, नद्या लहान झाल्या. पात्रातली वाळू उपसली गेल्याने झऱ्यांचे बळ गेले. गावाचे सांडपाणी थेट नदीत उतरते. पात्रच कोरडे असल्यामुळे देवाला टँकरच्या पाण्याने स्नान घालण्याची वेळ काही ठिकाणी येते, आणि ते पाहून कोणाच्या मनात कळ उठत नाही. रात्रभर ध्वनिवर्धकाच्या भिंती वाजतात, सकाळी काठावर पत्रावळ्या आणि प्लास्टिकचे पेले उरतात. कुस्त्यांचे आखाडे व्हावेत, तमाशे व्हावेत, पुरणपोळीच्या पंगती उठाव्यात. वर्षभर राबणाऱ्या माणसांचा तो हक्क आहे. माझे मागणे एवढेच की ज्या नदीच्या नावाने आपण जमतो, तिच्यासाठी त्या जमण्यातला एक तास द्यावा.

त्यासाठी नवा सण काढायला नको. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याचा प्रघात आहे. यांतला १ मेचा दिवस भर उन्हाळ्यात येतो. बहुतेक गावांत ती सभा ग्रामपंचायतीच्या खोलीत पंधरा-वीस सह्यांवर उरकली जाते. यंदा ती नदीकाठी भरवा. सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत. बायकांना पुढे बसवा, कारण पाणी त्या आणतात. वस्तीवरच्या, वाडीवरच्या, वाड्याच्या बाहेरच्या सगळ्यांना बोलावणे धाडा. डोहात पाणी किती आहे ते सर्वांसमोर मोजा. पाऊस लांबला तर ते किती दिवस पुरेल, मोटरी कोणत्या तारखेला बंद करायच्या, जनावरांसाठी कोणता डोह राखायचा, वाळूला कोणी हात लावायचा नाही, हे तिथेच ठरवा आणि देवळाच्या भिंतीवर लिहून ठेवा. मग पन्ह्याचे पेले फिरू द्या.

ज्यांच्या गावाला नदी उरलेली नाही, त्यांनी तळ्यावर बसावे. तळेही नसेल तर विहिरीवर. शहरात राहणाऱ्यांनी जत्रेला गावी जाताना देणगीच्या पावतीबरोबर या सभेलाही एक सकाळ द्यावी. उन्हाळा दरवर्षी येणार आहे आणि तो पूर्वीपेक्षा कडक होत चालला आहे. त्याला एकेकट्याने तोंड देणाऱ्या गावात टँकरमागे धावाधाव ठरलेली आहे. एकत्र बसून पाणी मोजणारे आणि वाटून घेणारे गाव कमी पाण्यातही सन्मानाने जगते. १ मे फार दूर नाही. आपल्या गावाच्या सरपंचांना आजच सांगा, सभा नदीवर घ्या.