‘घरात कोणीतरी असतेच की!’

स्कॅन करून संकेतस्थळावर चढवलेला कागद डोळस माणसाला पान म्हणून दिसतो. अंध माणसाच्या स्क्रीन रीडरला तिथे काहीच सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी ती अक्षरे नसतात, फोटो असतो. या आठवड्यात एका पालिकेने दिव्यांगांच्या साहाय्य योजनेची जाहिरातच अशा तिरप्या, स्कॅन केलेल्या पानांत चढवली. त्याबद्दल विचारल्यावर मिळालेले उत्तर कोणत्याही सरकारी खात्यात ऐकू येते तेच होते: घरात कोणीतरी असतेच की वाचून दाखवायला. पाने उद्या बदलतीलही. हे उत्तर मात्र इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही गैर आहे असे देणाऱ्याला वाटतही नाही.

आधी अडचण नेमकी कुठे येते ते पाहू. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारी प्रणाली. एनव्हीडीए हा त्यातला मोफत मिळणारा प्रकार, 2006 पासून विकसित होत आलेला. अँड्रॉइड फोनसाठी टॉकबॅक आहे. दोन्हींत मराठी आवाजाची सोय आहे. म्हणजे साधन अंध माणसाच्या हाती केव्हाच आले आहे. तो माउस वापरत नाही. टॅबची कळ दाबत एकेका रकान्यावर जातो आणि रकाना कशाचा आहे ते ऐकतो. पान बनवणाऱ्याने रकान्याला नाव नीट जोडले असेल तर ‘अर्जदाराचे आडनाव’ असे ऐकू येते. जोडले नसेल तर ‘एडिट, ब्लँक’. पुन्हा टॅब, पुन्हा ‘एडिट, ब्लँक’. जन्मतारखेच्या रकान्यात आकडे टाइप करता येत नाहीत. तिथली दिनदर्शिका फक्त माउसने उघडते. त्यातून कसेबसे पुढे सरकावे तर चित्रातली अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा येतो आणि कानावर एकच शब्द पडतो, ‘ग्राफिक’. तेवढ्यात वेळ संपते आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरायचा.

हे फक्त अंधांपुरते नाही. हात थरथरणाऱ्या माणसाला डावीकडे सरकत जाणाऱ्या पट्टीतल्या सूचनेवर क्लिक करता येत नाही. ती पट्टी आणि तिच्याशेजारी लुकलुकणारे ‘नवीन’ हे अक्षरचित्र सरकारी संकेतस्थळांवरून का हटत नाही, हे एक कोडेच आहे. सहा महिन्यांपूर्वीची निविदाही तिथे ‘नवीन’ म्हणून लुकलुकत असते. कर्णबधिर माणसाला मंत्र्यांचे योजना समजावणारे भाषण दिसते, पण खाली अक्षरे नसतात. चुकलेला रकाना नुसता लाल करून दाखवला तर रंगांधाला काय चुकले ते कळत नाही. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला ‘उपरोक्त संदर्भाधीन शासन निर्णयान्वये’ या भाषेतून वाट काढायची असते, आणि ती वाट तर पदवीधरांनाही सापडत नाही.

मराठीत आणखी एक अडचण आहे. युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर सुबक देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या पोटात ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. स्क्रीन रीडर तीच वाचतो. असे जुने फॉन्ट वापरून केलेली परिपत्रके अजूनही चढवली जातात, आणि स्कॅन केलेल्या पानांइतकीच ती निरुपयोगी असतात.

याची किंमत किती होऊ शकते हे 2021 मध्ये दिसले. 18 ते 44 वयोगटाच्या लसीकरणाची नोंदणी तेव्हा कोविन संकेतस्थळावरून होत होती. सर्वोच्च न्यायालयाने 31 मे 2021 च्या आदेशात दृष्टिहीनांच्या अडचणी एकेक करून लिहिल्या: कॅप्चाला आवाजाचा पर्याय नाही, वय आणि लस निवडण्याचे पर्याय स्क्रीन रीडरला नीट वापरता येत नाहीत, नुसत्या कीबोर्डवर काम होत नाही, वेळ अपुरी पडते. महासाथीत जीव वाचवणारी रांग लागली होती आणि या नागरिकांना रांगेचे टोकच सापडत नव्हते.

नियमांची वाण मात्र कधीच नव्हती. दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने 2007 मध्ये मान्य केला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे 2009 मध्ये आली. त्यांची तिसरी आवृत्ती 2023 ची आहे. 3 डिसेंबर 2015 रोजी सुगम्य भारत अभियान सुरू झाले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि सेवा देणाऱ्यांना, मग ते सरकारी असोत वा खासगी, नियम आल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. नियम जून 2017 मध्ये आले. त्यात लिहिले होते की संकेतस्थळावरचे दस्तऐवज ईपब किंवा अक्षरे ओळखता येणाऱ्या पीडीएफच्या स्वरूपात असावेत. म्हणजे स्कॅन केलेल्या पानांचा प्रश्न कागदोपत्री तेव्हाच मिटला होता आणि मुदत 2019 मध्ये संपली. पुढे 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात या नियमांतील नियम 15 कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा बंधन घालतो आणि नियम मात्र नुसत्या शिफारशी करतो, हे चालणार नाही, असे सांगून केंद्राला बंधनकारक नियम करण्यासाठी तीन महिने दिले. 30 एप्रिल 2025 च्या निकालात न्यायालय आणखी पुढे गेले: डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

इतके सगळे असूनही ‘घरात कोणीतरी असतेच की’ हे उत्तर टिकून आहे, कारण ते मायेचे वाटते. कुटुंब आहे, शेजार आहे, गावात सेवा केंद्र आहे; मग संकेतस्थळासाठी इतका आटापिटा कशाला? पण हा ‘कोणीतरी’ म्हणजे नक्की कोण? मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी. सून दिवसभर कामावर. शेजारच्या पोराला वेळ मिळेल तेव्हा तो येईल. सेवा केंद्रावर जायचे तर सोबत कोणाला तरी न्यायचे, त्याची मजुरी बुडवायची, केंद्राचे पैसे द्यायचे आणि सर्व्हर डाऊन असेल तर उद्या पुन्हा यायचे. डोळस माणूस रात्री अकरा वाजता अंथरुणात पडल्या पडल्या जे काम उरकतो, त्यासाठी अंध माणसाला तीन जणांची सवड जुळवावी लागते. वर प्रत्येक वेळी आभार मानावे लागतात. ज्या गोष्टीवर हक्क आहे तिच्यासाठी जन्मभर आभार मानत राहणे हा भार लहान नाही.

यापेक्षा गंभीर बाब गुप्ततेची आहे. ओटीपी कोणालाही सांगू नका, असा इशारा सरकार आणि बँका रोज देतात. तेच सरकार असा अर्ज बनवते की अंध नागरिकाला आधार क्रमांक, बँक खाते, पासवर्ड आणि तोच ओटीपी दुसऱ्याच्या हाती दिल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. उद्या फसवणूक झाली तर ‘तुम्ही ओटीपी दिलाच का?’ हा प्रश्न त्यालाच विचारला जाईल. दिव्यांगत्वाच्या दाखल्यात आजाराचा तपशील असतो. मानसिक आजारही कायद्यातील 21 प्रकारांत आहे. तो तपशील सेवा केंद्रातल्या पोराने मोठ्याने वाचत टाइप करायचा आणि मागच्या रांगेने ऐकायचा, हे कोणत्या मायेत बसते?

शिवाय अर्ज नेहमी अनुदानाचाच असतो असे नाही. अंध बाईला नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार ऑनलाइन नोंदवायची आहे आणि घरातला ‘कोणीतरी’ म्हणजे तोच नवरा. अस्थिव्यंग शेतकऱ्याला ग्रामपंचायतीच्या कारभाराची माहिती मागवायची आहे आणि अर्ज भरणारे केंद्र ग्रामपंचायतीच्याच इमारतीत, सरपंचाच्या खोलीला लागून. अशा वेळी मदतनीस असणे हीच अडचण ठरते. तक्रार केली जात नाही, आणि तक्रार नाही म्हणून सगळे आलबेल आहे असे धरले जाते.

कायद्याला सोबतीचे हे दुखणे माहीत आहे. मतदान यंत्रावर ब्रेल अंक दिले ते अंध मतदाराने स्वतःचे मत स्वतः द्यावे म्हणून. तरीही सोबती लागलाच तर निवडणूक नियम 49-एन प्रमाणे तो 18 वर्षांपेक्षा लहान नसावा, एका दिवसात एकाहून अधिक मतदारांचा सोबती होऊ नये आणि मत गुप्त ठेवण्याचे त्याने लेखी द्यावे लागते. पाच वर्षांतून एकदा दाबायच्या बटणासाठी एवढी काळजी आणि रोजच्या व्यवहारासाठी ‘कोणीतरी’! ना त्याचे वय कोणी विचारत, ना त्याच्यावर कसले बंधन.

काही कामे दुसऱ्याला करताच येत नाहीत. एप्रिल 2025 च्या त्या निकालामागे ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींची याचिका होती. बँकेच्या ई-केवायसीत माणूस जिवंत आहे हे दाखवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटायला सांगतात. हल्ल्यात ज्यांचे डोळे आणि पापण्या गेल्या त्यांनी काय करायचे? पापणी मिटून द्यायला घरातले कोणी चालत नाही. आणि 2016 च्या कायद्याने सरकारी नोकरीत दिव्यांगांना 4 टक्के आरक्षण दिले आहे. त्यातून लागलेल्या अंध लिपिकाने कार्यालयाच्या प्रणालीतली फाइल कोणाकडून वाचून घ्यायची? सरकार त्याला नोकरी देते आणि त्याच सरकारची प्रणाली त्याला टेबलावर रिकामे बसवते.

मदत घेण्यात कमीपणा नाही, हेही तितकेच खरे. अनेक घरांत हे काम कुरकुर न करता, प्रेमाने होते. डोळस लोकही सेतू केंद्रात जाऊन अर्ज भरून घेतातच. ज्या अर्जासाठी धडधाकट, शिकल्या-सवरल्या माणसाला एजंट लागतो तो अर्जच वाईट. पण मदत घ्यायची की नाही हे घेणाऱ्याने ठरवायचे असते, अर्ज बनवणाऱ्याने नव्हे.

बाकीच्या सबबींना फार जागा देण्याची गरज नाही. असे लोक किती, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी 2011 ची जनगणना पाहावी: देशात 2 कोटी 68 लाख, महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार, आणि तेही 21 प्रकार मोजण्याच्या आधी. खर्चाची सबब सिडनी ऑलिंपिकच्या संयोजकांनी देऊन पाहिली होती. ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांच्या तक्रारीवर, संकेतस्थळ सुधारायला वर्षभर आणि वीस लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर लागतील, असे ते म्हणाले. तिथल्या मानवी हक्क आयोगाला ते पटले नाही आणि 2000 मध्ये संयोजकांना 20,000 डॉलर भरपाई द्यावी लागली. सुरक्षेसाठी कॅप्चा हवाच, असे म्हणणाऱ्यांनी त्याला आवाजाचा पर्याय द्यावा.

सगळे एकदम होणार नाही. पानाच्या डोक्यावर ‘अ-, अ, अ+’ ही बटणे लावणे आणि स्क्रीन रीडरांच्या नावांची यादी देणारे पान जोडणे एवढ्यावर बहुतेक खाती थांबली आहेत. जो अंध माणूस त्या यादीपर्यंत पोहोचला त्याच्याकडे स्क्रीन रीडर आधीच असतो, हे कोणाच्या ध्यानात आले नसावे. पहिले काम त्याहून साधे आहे. परिपत्रक संगणकावरच टाइप होते; मग ते छापले जाते, त्यावर सही-शिक्का होतो आणि तोच कागद स्कॅन होऊन परत संगणकात जातो. या फेऱ्यात अक्षरांचा फोटो होतो. राज्याचे शासन निर्णय डिजिटल स्वाक्षरीने निघतात, तसेच पालिकेचे आणि जिल्हा परिषदेचे कागद निघाले तर हा फेरा संपतो. त्यासाठी नवी निविदा लागत नाही. दुसरे काम म्हणजे रकान्यांना नावे जोडणे. ते संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या करारातच असायला हवे. तिसरे, संकेतस्थळ ताब्यात घेण्यापूर्वी अंध व्यक्तीकडून एक अर्ज पहिल्या रकान्यापासून पावती मिळेपर्यंत भरून घ्यावा आणि तो पूर्ण होईपर्यंत कंत्राटदाराचे शेवटचे बिल काढू नये. यासाठी माणसे शोधत फिरावे लागणार नाही. मुंबईत झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांसाठीचे केंद्र 2003 पासून आणि राष्ट्रीय अंध संघटना 1952 पासून काम करत आहे.

तरीही अर्ज अडलाच तर कायद्याच्या कलम 80 प्रमाणे राज्य दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते; महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्याला आहे. आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत आणि त्यांच्या शिफारशीवर काय केले हे संबंधित खात्याला तीन महिन्यांत कळवावे लागते. कलम 89 प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला 50,000 ते 5 लाख रुपये दंड आहे. तक्रारीत पानाचा पत्ता, तारीख आणि स्क्रीन रीडरने कोणत्या रकान्यावर काय उच्चारले ते लिहावे. ‘एडिट, ब्लँक’ असे ऐकू आले असेल तर तेच शब्द लिहावेत.